१९२७ साली सुरू झाली तिला ‘आकाशवाणी’ म्हणावे का?

अडाणकाठ (दारव्हा) :
आमच्या गावच्या वाचनालयाच्या हस्तलिखित अंकासाठी मी आपल्याकडील रेडिओच्या आरंभकाळावर लेख लिहीत आहे. ‘२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते आकाशवाणीचे उद्घाटन झाले’ या वाक्यातील ‘आकाशवाणी’खाली अंक तपासणाऱ्या गुरुजींनी रेघ मारली आणि समासात लिहिले, ‘हे नाव तेव्हा नव्हते.’ मला वाटते की आज मराठीत आकाशवाणी म्हणजेच राष्ट्रीय रेडिओ असा अर्थ रूढ असल्याने वाचकाला कळणारा शब्दच वापरावा. जाणकारांनी सांगावे की या ठिकाणी नेमका कोणता शब्द योजावा.

पूर्णाकाठ (दर्यापूर) :
गुरुजींचे बरोबर आहे. आयर्विन यांनी उद्घाटन केले ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीच्या मुंबई केंद्राचे. कलकत्ता केंद्र त्याच वर्षी २६ ऑगस्टला सुरू झाले. दोन्हींचे प्रक्षेपक दीड किलोवॅटचे होते आणि रेडिओ संच बाळगण्याच्या परवान्याची वर्षाची फी दहा रुपये होती. एवढ्यावर खर्च भागेना, म्हणून १ मार्च १९३० रोजी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि १ एप्रिलपासून सरकारने कारभार हाती घेऊन त्याला इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस असे नाव दिले. पुढे ऑगस्ट १९३५ मध्ये बीबीसीतून लायोनेल फील्डन नियंत्रक म्हणून आले आणि ८ जून १९३६ रोजी ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले.

आता ‘आकाशवाणी’चे पाहा. म्हैसूरमध्ये मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १० सप्टेंबर १९३५ रोजी अवघ्या ३० वॅटच्या प्रक्षेपकावर स्वतःचे केंद्र सुरू केले, त्याचे नाव आकाशवाणी. राष्ट्रीय संस्थेने ते नाव स्वीकारले १९५७ साली. म्हणजे ‘फील्डन हे आकाशवाणीचे पहिले नियंत्रक’ असे लिहिणे म्हणजे त्यांना दुसऱ्याच्याच केंद्रावर नेऊन बसवणे होय, कारण त्या काळी आकाशवाणी होती ती गोपालस्वामींची. एका प्राध्यापकाने पदरमोड करून उभ्या केलेल्या केंद्राचे श्रेय आपल्या एका सैल शब्दाने पुसले जाते, हे मला फार लागते.

पैनगंगा (उमरखेड) :
तारखा मान्य आहेत, पण शब्द तारखांवर चालत नाहीत. आमच्या गावात ग्रामपंचायतीचा एकच संच होता आणि तो लावण्याचा मान कोतवालाचा होता. ‘केंद्र’ हा शब्द कोणी उच्चारत नसे; ‘नागपूर लाव’, ‘सिलोन लाव’ असे म्हणत, म्हणजे ठिकाणाचे नाव तेच केंद्राचे नाव. सेल उतरले की ते काढून दुपारभर उन्हात ठेवत आणि संध्याकाळच्या बातम्यांपुरते चालवून घेत. या सगळ्या व्यवहाराला, म्हणजे यंत्राला, केंद्राला, कार्यक्रमाला आणि सरकारी खात्यालाही, एकच शब्द होता : रेडिओ. माझ्या आजोबांपुढे मी शाळेत शिकलेला ‘आकाशवाणी’ शब्द वापरला तेव्हा ते म्हणाले, “आकाशवानी कंसाले झाली होती, बापू, हा तं रेडिओ हाय.” अडाणकाठ भाऊ, सरळ ‘रेडिओ’ लिहा.

पूर्णाकाठ (दर्यापूर) :
आजोबांचे म्हणणे अर्थदृष्ट्या अचूक आहे. कृष्णजन्माच्या कीर्तनातून हा शब्द गावोगाव पोचलेला होताच. मात्र भागवताच्या दशम स्कंधात त्या जागी शब्द आहे ‘अशरीरवाक्’, म्हणजे शरीर नसलेली वाणी. बोलणारा दिसत नाही, ऐकू मात्र येतो, हा रेडिओचा खरा विशेष त्या शब्दात आहे. ‘आकाश’ हे नंतरचे. तमिळ भाषकांनी ‘वानोली’ केला तोही वान म्हणजे आकाश आणि ओली म्हणजे ध्वनी असा. म्हणूनच ‘आकाशवाणी’ त्यांच्यावर लादण्याला त्यांनी विरोध केला. स्वतःचा तितकाच नेटका शब्द असताना त्यांनी दुसरा का घ्यावा?

आपल्याकडेही ‘नभोवाणी’ होताच. नभस् आणि वाणी यांचा संधी ‘नभोवाणी’ असाच होतो. ‘नभवाणी’ लिहिणाऱ्यांनी कृपया थांबावे. ‘नभोनाट्य’, म्हणजे रेडिओवरचे नाटक, हा शब्द आजही टिकून आहे. सरकारी नावाने नभोवाणीला मागे सारले, ही मराठीची हानी आहे. १९२७ साठी मी ‘नभोवाणी’ सुचवीन, कारण तो कोणत्याही संस्थेचे नाव नसून माध्यमाचे नाव आहे.

वैनगंगा (पवनी) :
मूळ वाक्यात पुढे क्रियापद कोणते घालणार, प्रसारण की प्रक्षेपण? ब्रॉडकास्ट हा इंग्रजीतही मुळात शेतकऱ्याचा शब्द आहे. बी हाताने शेतभर उधळून पेरणे, असा त्याचा जुना अर्थ. आमच्या धानपट्ट्यात रोवणा (रोपांची लावणी) न करता धान असे पेरले की त्याला ‘आवत्या’ म्हणतात. मूठ सुटल्यावर कोणता दाणा कुठे पडेल हे पेरणाऱ्याला ठाऊक नसते, तसेच बोलणाऱ्यालाही आपले बोलणे कोणाच्या घरात जाऊन पडेल ते ठाऊक नसते. क्षिप् म्हणजे फेकणे. म्हणून ‘प्रक्षेपण’च योग्य. ‘प्रसारण’ हिंदीतून आलेला आहे आणि त्यात फेकण्याची क्रियाच हरवते.

पैनगंगा (उमरखेड) :
‘प्रसारण’ हिंदीतून आला म्हणून परका कसा? प्र आणि सृ यांवर हिंदीची मालकी नाही, आणि ‘पसरणे’ त्याच कुळातला आहे. उलट ‘प्रक्षेपण’ अग्निबाणाचेही होते, आणि पोथीत मागाहून घुसवलेल्या ओवीला आपण ‘प्रक्षिप्त’ म्हणतो. शुद्धतेचा आग्रह धरायचा तर या अडचणींचेही उत्तर द्यावे लागेल.

अडाणकाठ (दारव्हा) :
सर्वांचे आभार. वाक्य तूर्त असे केले आहे : ‘मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या नभोवाणी केंद्राचे उद्घाटन झाले.’ गुरुजींना ते मान्य आहे, पण वाचनालयातील तरुण मुले ‘नभोवाणी म्हणजे काय’ असे विचारत आहेत. शिवाय नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले, त्या परिच्छेदात ‘ऑल इंडिया रेडिओचे नागपूर केंद्र’ लिहावे की नुसते ‘नागपूर केंद्र’, हा प्रश्न उरतोच.

पूर्णाकाठ (दर्यापूर) :
१९४८ आहे, तेव्हा ऑल इंडिया रेडिओच लिहावे. मुलांनी विचारले तर नभोनाट्यापासून सांगायला सुरुवात करावी.

पैनगंगा (उमरखेड) :
वैनगंगा, ‘आवत्या’ मी प्रथमच ऐकला. आमच्याकडे याला ‘फोकणे’ म्हणतात, पण ते मेथी-सांभाराच्या (कोथिंबिरीच्या) वाफ्यापुरते; कपाशी-तुरीला फोकणे चालत नाही. ‘आवत्या’ नुसता धानालाच लागतो की इतर पिकांनाही?

वैनगंगा (पवनी) :
आमच्याकडे धानालाच. लाखोळी (लाखेची डाळ) उभ्या धानात टाकतात, तीही हातानेच, पण तिला आवत्या म्हणताना मी कोणाला ऐकलेले नाही. गडचिरोलीकडचे कोणी असतील तर त्यांनी सांगावे.