घराशेजारचे मोठे झाड: शेंडा उतरवावा की निवडक फांद्या छाटाव्यात?

अंगणसावली (प्रश्न):
घराच्या भिंतीपासून सुमारे १५ फुटांवर आमचा जुना गुलमोहर आहे. त्याची एक जाड फांदी छपरावर आली आहे आणि मधल्या भागात काही फांद्या वाळल्या आहेत. शिवाय पुरुषभर उंचीवर जिथे खोडाची सारख्या जाडीची दोन खोडे होतात, त्या बेचक्यात साल आत दुमडल्यासारखी दिसते. छाटणीचे काम करणाऱ्या दोघांना झाड दाखवले. पहिल्याने वरचा अर्धा भाग सरसकट उतरवू, म्हणजे पुढे चिंता राहणार नाही, असे सांगितले. दुसऱ्याने काही निवडक फांद्याच काढू असे सांगून अधिक कापण्यास नकार दिला. घरात लहान मुले असल्यामुळे पहिला सल्ला सुरक्षित वाटतो, परंतु हे झाड गमावणे आम्हाला अजिबात सोसणार नाही. काय करावे? आणि त्या बेचक्याचा धोका कितपत मानावा?

खोडओळख:
दुसऱ्याचेच ऐकावे, असे मी आग्रहाने सांगेन. शेंडा उतरवलेले झाड ठेंगणे होते, पण सुरक्षित होत नाही. झाड आपले अन्न पानांत तयार करते; अर्धी पाने एकदम गेली की ते साठवलेले अन्न खर्चून कापलेल्या टोकांजवळच्या सुप्त डोळ्यांतून धुमाऱ्यांचे झुपके काढते. मूळची फांदी लहानपणापासून खोडाबरोबर वाढलेली असते आणि दोघांचे लाकूड वर्षानुवर्षे थरावर थर चढून एकमेकांत गुंतलेले असते, तर हे धुमारे फक्त बाहेरच्या थराला धरून असतात. काही वर्षांत ते जाड आणि जड होतात, त्याच वेळी त्यांच्या खालचे कापलेले टोक कुजत असते, आणि मग वादळात तेच आधी निखळतात.

झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही, हे इथे लक्षात घेतले पाहिजे. अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक अ‍ॅलेक्स शिगो यांनी असंख्य झाडे उभी चिरून पाहिली आणि १९७० च्या दशकात हे मांडले की झाड कुजणाऱ्या भागाभोवती जणू आतून भिंती उभारते व बाहेरून नवे लाकूड चढवते. बिघडलेला भाग आत तसाच राहतो. म्हणून किती कापले याइतकेच कुठे कापले हेही महत्त्वाचे असते. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडे दिसते. काप त्या कड्याच्या अगदी बाहेर हवा. कडे तासून खोडाशी सपाट कापले तर जखम विनाकारण मोठी होते आणि खुंट ठेवला तर तो वाळून कूज आत शिरते.

जड फांदी एका कापात कधीही उतरवू नये. खोडापासून फूट-दीड फुटावर खालून फांदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत पहिला काप घ्यावा, त्याच्या थोडे पुढे वरून दुसरा घेऊन फांदी सोडवावी, आणि उरलेला खुंट कड्याबाहेर कापावा. असे केले नाही, तर पडणारी फांदी खोडाची साल सोलत खाली जाते.

छपरावरची फांदी पूर्ण काढण्याऐवजी आखूड करता येते का, हे आधी पाहावे. ती अशा बाजूच्या फांदीपर्यंत कापावी, जी मूळ फांदीच्या किमान एक तृतीयांश जाडीची असेल, म्हणजे वाढ तिच्याकडे वळते. एका हंगामात जिवंत पर्णसंभाराचा चौथा हिस्सा ही वरची मर्यादा समजावी. जुन्या झाडासाठी ती आणखी कमी असावी. वाळक्या फांद्या या हिशेबात येत नाहीत, त्या केव्हाही काढता येतात.

बागराखी:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे. फक्त जखमेवर बोर्डो मलम (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावून घ्यावे, असे सुचवतो. आमच्या फळबागेत छाटणीनंतर आम्ही ते नेहमी लावतो.

खोडओळख:
फळबागेत विशिष्ट बुरशीजन्य रोगांसाठी ते लावतात, त्याला माझा विरोध नाही. मात्र सावलीच्या मोठ्या झाडावर डांबर किंवा रंग फासल्याने कूज थांबत नाही, उलट ओल आत कोंडली जाऊ शकते. योग्य जागी घेतलेला स्वच्छ काप उघडाच ठेवावा.

बेचक्याबद्दल लिहायचे राहिले होते. आत दुमडलेल्या सालीमुळे दोन खोडांचे लाकूड तिथे जुळलेले नसते, त्यामुळे असे बेचके खरोखर कमकुवत असते. एक खोड बेचक्यापासून पूर्ण काढले तर फार मोठी जखम होईल. त्याऐवजी एका खोडावरचा भार टप्प्याटप्प्याने कमी करावा आणि वर पोलादी दोराचा आधार द्यावा का, हे जाणकाराने झाडावर चढून ठरवावे. बेचक्याखाली उभी चीर दिसली किंवा बुंध्याशी बुरशीची छत्रे उगवली, तर मात्र वाट पाहू नये.

पानगळ:
आम्ही शेंडा उतरवून घेण्याची चूक केली होती. पहिल्या वर्षी झाड इतके हिरवेगार झाले की निर्णय योग्य वाटला. पाचव्या वर्षी धुमाऱ्यांपैकी दोन मोठे फाटे कुंपणावर कोसळले. मनगटाएवढ्या जाड फाट्यांना धरून ठेवणारे लाकूड जेमतेम बोटभर होते. ते पाहिल्यावर वाईट वाटले.

काम देण्यापूर्वी त्या माणसाला दोन गोष्टी विचाराव्यात. तो बुटांना टोकदार लोखंडी खिळे लावून चढणार असेल तर नकार द्यावा, कारण जिवंत झाडाला प्रत्येक पावलागणिक जखम होते. आणि आतल्या बारीक फांद्या साफ करून टोकाला फक्त झुपके ठेवणार असेल तरीही थांबवावे. सगळा भार टोकाला गेल्याने फांदी वाऱ्यात अधिक झुलते. विजेची तार जवळ असेल तर वीज बंद झाल्याशिवाय कोणालाही वर चढू देऊ नये. घरटी आहेत का, तेही पाहून घ्यावे.

अंगणसावली:
सर्वांचे मनापासून आभार. दुसऱ्या माणसाला पुन्हा बोलावले आणि काप कुठे घेणार, ते खडूने दाखवायला सांगितले. त्याने प्रत्येक फांदीवर कड्याच्या बाहेर खूण केली. छपरावरची फांदी आखूड करून वाळक्या फांद्या आता काढायच्या, एका खोडावरचा भार दोन हंगामांत कमी करायचा, असे ठरले आहे. एका बेचक्यात घरटे सापडले असून पिल्ले उडून जाईपर्यंत त्या बाजूचे काम थांबवले आहे.