सोशल सायकॉलॉजी शिकवताना पोरं झोपायलेत, काय करावं?

तासिकावाली_बीड:
नमस्कार मंडळी. तासिका तत्त्वावर बीएला मानसशास्त्र शिकवते, या सेमला सोशल आणि पर्सनॅलिटी दोन्ही पेपर माझ्याच गळ्यात. पटावर 45, येतात वीसेक, त्यातले निम्मे एसटीच्या टायमावर डोळा ठेवून. मी नोट्स सांगायले, ते उतरून घ्यायलेत. ॲशचा प्रयोग, म्हणजे बाकीचे मुद्दाम रेषांबद्दल चुकीचं उत्तर देतात तेव्हा एकटा माणूस त्यांच्या मागं जातो का ते बघणारा, एवढा रंगवून सांगितला तर एकीनं विचारलं, "मॅडम, रेषांची मापं परीक्षेला येतेत का?" कुणी वर्गात काही वेगळं करून बघितलंय का? प्रोजेक्टर आहे पण वायर नाही, लाईटचं तर विचारूच नका.

गोदाकाठ:
वायर राहू द्या मॅडम, एक झेरॉक्स पुरतंय. फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1948 मध्ये 39 विद्यार्थ्यांची स्वभावाची टेस्ट घेतली आणि "हा तुझा रिपोर्ट" म्हणून सगळ्यांना एकच मजकूर दिला, बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. रिपोर्ट किती जुळतो याला पोरांनी 5 पैकी सरासरी चारच्या वर मार्क दिले! मी पेपरातल्या राशिभविष्यातून वाक्यं जुळवतो, आधी मार्क लिहून घेतो, मंग म्हणतो आता शेजाऱ्याचा कागद वाचा. असला कल्ला होतो की बाजूच्या वर्गातले सर डोकवायला येतात. त्या दिवशी व्हॅलिडिटी, म्हणजे टेस्ट जे मोजायचं तेच मोजते का, हे शिकवलं की डोक्यात बसते.

उदगीरकर:
हे झकास. पण ॲशचं वर्गात करायला जाल तर जपून. सात जणांना फितवायचं आणि एकाला येडं करायचं, तो नेमका घरातून पहिल्यांदाच कॉलेजला आलेला, लाजाळू पोरगा निघाला तर दुसऱ्या दिवसापासून दिसायचा नाही. माझ्याकडून झालंय म्हणून सांगायलो. अजून एक, झिंबार्डोचा तुरुंग, म्हणजे पोरांनाच कैदी आणि पहारेकरी करून घेतलेला प्रयोग, 1971 चा, 14 दिवसांचा ठरलेला 6 दिवसांत बंद, एवढं सांगून थांबू नका. पहारेकऱ्यांना कसं वागायचं ते आधी सुचवलं होतं हे 2019 मध्ये ल टेक्सिए या संशोधकानं जुन्या रेकॉर्डिंगमधून दाखवलंय.

गोदाकाठ:
सर पण पेपरात तर पहारेकरी आपोआप क्रूर झाले, हेच जुनं उत्तर लागतंय की.

उदगीरकर:
जुनं लिहा, खाली टीका म्हणून चार ओळी लिहा. मार्क कोण कापायलंय?

मन्याडकाठची:
पर्सनॅलिटीचं माझं ऐका. ऑलपोर्ट आणि ऑडबर्टनं 1936 मध्ये डिक्शनरीतून माणसांचं वर्णन करणारे जवळजवळ 18 हजार शब्द काढले, पुढं त्याच वाटेनं बिग फाइव्ह, म्हणजे स्वभावाचे पाच मोठे गुण, आलं. हे नुसतं सांगितलं तर पोरं जांभया देतात. मी म्हणलं, घरी आजीला विचारा, गावात माणसाला काय काय म्हणतात, दहा दहा शब्द आणा. काय काय आलं! हेकट, भिडस्त, खवचट, वांड, घुम्या, लाघवी, उधळ्या, कवडीचुंबक. चिठ्ठ्या केल्या, जुळणारे शब्द एका ढिगात टाका म्हणलं. पाच नाही, सात ढीग झाले, आणि घुम्या हा नुसता अबोल का मनात ठेवून डाव धरणारा, यावरून दोघी अशा भांडल्या की तास संपला तरी कुणी उठंना. फॅक्टर ॲनालिसिस, म्हणजे कोणते गुण एकत्र जातात ते गणितानं शोधायची रीत, कशाला लागतं ते तिथंच सांगितलं. गणित नाही केलं, ते मलाच नीट येत नाही.

तासिकावाली_बीड:
ताई, सोमवारीच करते. घरी आईवर ट्रायल घेतली तर पहिलाच शब्द "चेंगट", तोही माझ्याकडं बघून. आमच्याकडं चेंगट म्हणजे चिकट, कंजूष. तुमच्याकडं?

मन्याडकाठची:
आमच्याकडं रेंगाळत काम करणारा. दोन चिठ्ठ्या करा.