फायरप्लेसच्या चिमणीत चकचकीत काळा थर, ब्रशने निघेल का?

बर्फाळपंत
न्यू हॅम्पशायरमधलं जुनं घर. विटांची चिमणी बाहेरच्या भिंतीला लागून, आत ८ बाय १२ इंची मातीच्या टाइल्स, उंची साधारण २० फूट. जळण ओकचं, सप्टेंबरात ‘वाळलेलं’ म्हणून घेतलेलं. रात्री ओंडके मंद धुमसत असतात. डॅम्परच्या (चिमणीच्या तळाशी धूर सोडणारी-अडवणारी झडप) वर टॉर्च मारली तर खाली भुसभुशीत काजळी आणि वरच्या अंगाला काचेसारखा चकाकणारा काळा थर दिसतो. दुकानात मिळतो तो क्रिओसोट (धुरातून चिमणीत साचणारं डांबर) सैल करणारा ओंडका जाळून भागेल, की ब्रश आणू?

सरपणवाला
आधी जाळ बंद करा. तो चकचकीत थर तिसऱ्या टप्प्याचा क्रिओसोट आहे. पहिला टप्पा भुसभुशीत काजळी, दुसरा कडक चमकदार ढलप्या, तिसरा डांबरासारखा गोठलेला थर. पहिला ब्रशने झटकन निघतो, दुसऱ्याला घाम गाळावा लागतो, तिसऱ्यावर ब्रश नुसता घसरतो. त्याला रसायन किंवा ड्रिलवर फिरणाऱ्या साखळ्या लागतात, आणि साखळी चुकीची चालली की टाइल फुटते. हे काम सीएसआयएचं (अमेरिकेतली चिमणी-सुरक्षेची संस्था) प्रमाणपत्र असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. थर निघाल्यावर लेव्हल २ची, म्हणजे आत कॅमेरा सोडून केलेली तपासणी मागा. थराखालच्या टाइलला तडे आहेत का ते तेव्हाच दिसतं.

ओंडक्याबद्दल: तो थर कोरडा आणि ठिसूळ करतो, काढत नाही. पडलेल्या ढलप्या डॅम्परमागच्या स्मोक शेल्फवर (विटांच्या कप्प्यावर) साचतात, त्या शेवटी हातानेच काढाव्या लागतात.

साधा हिशेब असा: ३ मिलिमीटर (१/८ इंच) थर दिसला की सफाई, आणि एनएफपीए २११ या अमेरिकी अग्निसुरक्षा मानकाप्रमाणे तपासणी दरवर्षी, चिमणी वापरा वा न वापरा. क्रिओसोट पेटला तर आत १,१०० अंश सेल्सिअसपर्यंत ताप जातो. आगगाडी गेल्यासारखा घरघराट आला तर काचेची दारं असतील ती लावा, सगळ्यांना बाहेर काढा, ९११ लावा.

चुलीपाशी
मूळ कारण जळणात आहे. ओक फोडून रचल्यावर वाळायला किमान एक वर्ष, बहुतेकदा दोन लागतात. सप्टेंबरात घेतलेला ओक त्याच थंडीत जाळायचा म्हणजे पाणी उकळण्यासारखंच आहे. उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते, धूर गार राहतो, आणि चिमणीच्या भिंती साधारण १२० अंश सेल्सिअसखाली गेल्या की धुरातलं डांबर त्यांवर गोठतं. बाहेरच्या भिंतीतली चिमणी आधीच गारठलेली, त्यात रात्रभर धुमसणारी आग!

ओलावा मोजायचं मीटर घ्या. ओंडका नव्याने फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचा. टोकाला टोचलंत तर आकडा फसवा येतो, कारण टोकं आधी वाळतात. २० टक्क्यांखाली आलं तरच जाळा. आग लहान पण भडक ठेवा, डॅम्पर पूर्ण उघडा. पेटवण्याआधी वर्तमानपत्राची पेटती सुरळी डॅम्परपाशी मिनिटभर धरली की चिमणीला धूर वर खेचायची ओढ लागते.

बर्फाळपंत
धन्यवाद. थर निघाल्यावर पुढची सफाई घरी करायची झाली, तर ब्रश कोणता?

सरपणवाला
मातीच्या टाइलला तारेचा, तुमच्या चिमणीला ८ बाय १२चाच. स्टीलचा लायनर (चिमणीच्या आतलं अस्तर) असेल तर प्लास्टिकच्या काड्यांचा, तारेने स्टीलवर चरे पडतात. ५ फुटी चार-पाच काठ्या पुरतील. काठ्या फिरवायच्या झाल्या तर घड्याळाच्या दिशेनेच, उलट फिरवलं की जोड सुटतो आणि ब्रश आत अडकतो. तारेचा ब्रश मध्येच उलटा ओढू नका. तारा वाकून रुततात. वरच्या टोकातून पूर्ण बाहेर काढा, मगच खाली आणा.

डॅम्परचं पान काढता येत असेल तर आधी काढा. फायरप्लेसचं तोंड जाड प्लास्टिक आणि टेपने बंद करून काठीपुरतं भोक ठेवा. शेवटी स्मोक शेल्फ हाताने रिकामी करा (बहुतेक जण इथेच विसरतात) आणि राखेचं दार असेल तर तेही. काजळीला घरचा साधा व्हॅक्यूम लावू नका, बारीक पूड फिल्टरमधून थेट खोलीत येते. हेपा (अगदी बारीक पूड अडवणाऱ्या) फिल्टरचा व्हॅक्यूम आणि एन-९५ मास्क हवाच.

चुलीपाशी
एक राहिलं. राख झाकणाच्या धातूच्या बादलीत, घराबाहेर, लाकडी डेकपासून लांब ठेवा. निखारा राखेखाली दिवसेंदिवस जिवंत राहतो. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर, झोपायच्या खोल्यांजवळ.