'क्यू' नावाचा हरवलेला ग्रंथ : वाचायला सुरुवात कुठून करू?

निर्मळची_लेक

नमस्कार मंडळी. आमच्या धर्मग्रामात दर शुक्रवारी संध्याकाळी बायबल वाचनाचा गट बसतो. मागच्या आठवड्यात डोंगरावरचं प्रवचन वाचत होतो. पाहुणे म्हणून आलेले फादर जाता जाता म्हणाले की मत्तय आणि लूक या दोघांसमोर येशूच्या बोलांचा एक जुना लेखी संग्रह असावा, तो आज उपलब्ध नाही आणि अभ्यासक त्याला 'क्यू' म्हणतात. प्रश्न विचारेपर्यंत मिस्साची वेळ झाली.

घरी येऊन शोधलं तर डोकं गरगरलं. कुणी लिहितं 'सापडला', कुणी लिहितं 'असं काही नव्हतंच'. क्यूची छापील प्रत विकत मिळते असंही दिसलं. हरवलेला ग्रंथ विकत कसा मिळेल?

माझं शिक्षण बी. कॉम. ग्रीक येत नाही. इंग्रजी वाचते, पण सावकाश. काय वाचू, कुठल्या क्रमाने वाचू, मराठीतून काही होईल का, हे सांगाल का? माझी आई रोज रात्री झोपण्याआधी लूक वाचायची, म्हणून हा विषय माझ्यासाठी नुसता कुतूहलाचा नाही. जे खरं असेल ते मला हवंच आहे. फक्त यात पुरावा कुठे संपतो आणि अंदाज कुठे सुरू होतो ते कळायला हवं.

पोथीवेडा

ताई, पहिला सल्ला असा की महिनाभर एकही पुस्तक घेऊ नका. तीन रंगीत पेन्सिली घ्या आणि मत्तय, मार्क आणि लूक या तीन शुभवर्तमानांतला, म्हणजे येशूच्या चरित्रांतला, एकच प्रसंग शेजारी शेजारी उतरवून काढा. हा सगळा विषय त्या तीन रकान्यांतून जन्माला आलाय. रकाने न पाहता वाचलेला सिद्धांत डोक्यात टिकत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

सुरुवात पक्षाघाती माणसापासून करा : मत्तय ९, मार्क २, लूक ५. मनुष्याच्या पुत्राला पापांची क्षमा करण्याचा अधिकार आहे हे तुम्हाला समजावं म्हणून... इथे येशूचं वाक्य अर्धवट तुटतं, निवेदक मध्ये येऊन सांगतो की 'मग तो त्या पक्षाघाती माणसाला म्हणाला', आणि पुढे 'ऊठ'. तिन्ही ठिकाणी वाक्य त्याच जागी तुटतं. तीन माणसांनी ऐकलेली गोष्ट आपापली सांगितली तर प्रसंग जुळेल, शब्दही जुळतील, पण वाक्य मोडण्याची जागा जुळणार नाही. कुणीतरी कुणाचं तरी लिहिलेलं समोर ठेवलं होतं. तसंच मार्क १३:१४ मध्ये 'वाचणाऱ्याने हे समजून घ्यावे' असा कंसातला इशारा आहे, तो मत्तय २४:१५ मध्येही आहे. 'वाचणाऱ्याने' हा शब्द बघा.

आता मत्तय ३:७-१० आणि लूक ३:७-९ घ्या. बाप्तिस्मा करणारा योहान लोकांना सापांची पिल्लं म्हणतो तो उतारा. साठेक ग्रीक शब्द जवळजवळ अक्षरशः सारखे आहेत. एकाकडे 'फळ' आहे, दुसऱ्याकडे 'फळे', आणि एक क्रियापद वेगळं. हा उतारा मार्कमध्ये शोधा. नाही. असा मजकूर, म्हणजे मत्तय आणि लूकमध्ये आहे पण मार्कमध्ये नाही, सुमारे २३० वचनांचा भरतो : आमच्या बापाची प्रार्थना, शताधिपतीचा दास, सैतानाने घेतलेली परीक्षा, 'तुमच्या शत्रूंवर प्रीती करा'. हा मजकूर दोघांनी कुठून घेतला, या प्रश्नाचं एक उत्तर म्हणजे क्यू. जर्मन भाषेत उगमाला, झऱ्याला 'क्वेले' म्हणतात, त्याचं पहिलं अक्षर.

तेव्हा विकत मिळणाऱ्या प्रतीचा उलगडा असा : ती सापडलेली पोथी नाही. मत्तय आणि लूक यांचे ते उतारे समोरासमोर ठेवून मूळ शब्द काय असावेत हे अभ्यासकांच्या गटाने वर्षानुवर्षं खल करून ठरवलं. रॉबिन्सन, हॉफमन आणि क्लॉपेनबोर्ग यांनी संपादित केलेली ती आवृत्ती २००० साली आली. काम फार कष्टाचं आहे, पण ती पुनर्रचना आहे. क्यूचा एकही पपायरस तुकडा आजवर मिळालेला नाही.

डोंगरवाट

पोथीवेडादादांचा प्रतिसाद फार आवडला. वाचताना पुण्याच्या भांडारकर संस्थेतली महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवली. सुकथनकरांनीही हरवलेला मूळ पाठ असाच शोधला ना?

पोथीवेडा

डोंगरवाट, तुलना अर्धीच लागू होते. सुकथनकरांसमोर ठिकठिकाणच्या लिप्यांमधल्या शेकडो पोथ्या होत्या आणि त्यांतल्या पाठभेदांवरून ते मागे जात होते. हातात पोथी होती, हरवला होता तो मूळ पाठ. क्यूच्या बाबतीत हातात पोथीच नाही. दोन नव्या ग्रंथांच्या साम्यावरून तिसऱ्या, न पाहिलेल्या ग्रंथाचा तर्क केलाय. पाठचिकित्सा (पोथ्यांतल्या पाठभेदांवरून मूळ शब्द शोधणं) आणि स्रोतचिकित्सा (लेखकाने आधीचे कुठले ग्रंथ वापरले ते शोधणं) या दोन वेगळ्या वाटा आहेत. ताई, पुस्तकांत हे दोन शब्द वारंवार येतील, तेव्हा हा फरक लक्षात ठेवा.

अक्षरशोध

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण ताईंनी एकाच बाजूचं वाचून मत बनवू नये असं मला मनापासून वाटतं.

मार्क सर्वांत आधी लिहिला गेला आणि मत्तय व लूक या दोघांनी तो वापरला, इथपर्यंत बहुसंख्य अभ्यासक एकत्र येतात. मार्कच्या साधारण ६६० वचनांपैकी बहुतेक सगळा मजकूर मत्तयमध्ये उतरलाय. मार्क ६:५ म्हणतो की गावच्या लोकांमध्ये येशूला काही महत्कृत्य करता येईना. मत्तय १३:५८ म्हणतो, त्याने तिथे फारशी महत्कृत्यं केली नाहीत. कुठल्या लेखकाने कुठलं वाक्य सौम्य केलं असेल ते आपणच ठरवावं.

पण त्यानंतर क्यूची गरज पडतेच असं नाही. ऑक्सफर्डच्या ऑस्टिन फॅरर यांनी १९५५ साली साधा प्रश्न मांडला : लूकने मत्तय वाचला असेल तर? मग सामायिक मजकूर सरळ मत्तयमधून आला, न पाहिलेला ग्रंथ मानायला नको. मायकल गोल्डर आणि पुढे मार्क गुडएकर यांनी हाच धागा वाढवला. त्यांचा एक मुद्दा मला फार पटतो. येशूला मारताना लोक विचारतात, 'तुला कोणी मारले?' हे शब्द मत्तय आणि लूकमध्ये सारखे आहेत आणि मार्कमध्ये नाहीत. पण हा दुःखसहनाचा, म्हणजे येशूच्या अटकेपासून क्रूसापर्यंतच्या कथेतला, प्रसंग आहे, आणि क्यूमध्ये दुःखसहनाची कथा नाही असं क्यूवालेच सांगतात. मग हे शब्द दोघांकडे आले कुठून?

आणखी एक खूण म्हणजे संपादकाचा थकवा. दुसऱ्याचा मजकूर बदलत नेणारा लेखक सुरुवातीला बदल करतो, पुढे विसरतो आणि मूळ शब्दांवर परत येतो. लूक ९ मध्ये येशू शिष्यांना घेऊन बेथसैदा नावाच्या नगराकडे जातो. दोन वचनांनंतर शिष्य म्हणतात, आपण इथे ओसाड जागी आहोत. मार्कमध्ये पहिल्यापासून ओसाडच जागा आहे.

वाचायला सुचवायचं तर गुडएकर यांचं 'द सिनॉप्टिक प्रॉब्लेम : अ वे थ्रू द मेझ' (२००१). विद्यार्थ्यांसाठी लिहिलंय, इंग्रजी सोपं आहे आणि रंग देण्याचा हाच व्यायाम त्यात पहिल्यापासून करून घेतात. ग्रीक न येणाऱ्याला याच्याइतकं उपयोगी दुसरं पुस्तक मी पाहिलेलं नाही. त्याला जोडून क्लॉपेनबोर्ग यांचं 'क्यू, द अर्लिएस्ट गॉस्पेल' (२००८) वाचा. तेही छोटं आहे आणि उलट बाजू उत्तम मांडतं.

पोथीवेडा

अक्षरशोध, दोन्ही पुस्तकांना अनुमोदन. फक्त एक सांगतो. लूकने मत्तय वाचला असेल, तर डोंगरावरच्या प्रवचनाचं त्याने काय केलं? मत्तयचे तीन अख्खे अध्याय. लूककडे त्यातली तीसेक वचनं सहाव्या अध्यायात आहेत, तीही मैदानावर, आणि बाकीचं अकराव्या, बाराव्या, सोळाव्या अध्यायांत विखुरलंय. इतकी सुंदर रचना हातात असताना ती का मोडावी? शिवाय दुहेरी बोल बघा. 'ज्याच्याजवळ आहे त्याला दिले जाईल' हे लूकमध्ये दोनदा येतं, आठव्या आणि एकोणिसाव्या अध्यायात. मत्तयमध्येही दोनदा. एकदा मार्कमधून आलं आणि एकदा दुसऱ्या लेखी संग्रहातून, हे स्पष्टीकरण मला अजूनही सर्वांत सरळ वाटतं.

अक्षरशोध

लूकला लांब प्रवचनं मानवत नाहीत. मार्कचा दृष्टान्तांचा चौथा अध्यायसुद्धा त्याने आखडता घेतलाय. डोंगरावरच्या प्रवचनाचंही तेच झालं, एवढंच माझं म्हणणं. थांबतो, नाहीतर ताईंचा धागा आपल्या दोघांचाच होईल.

शेवंती

ताई, मी वेगळ्याच कारणासाठी लिहितेय. तुम्ही आईबद्दल लिहिलंत ते वाचून गलबलून आलं.

या प्रश्नाने श्रद्धेला धक्का लागतो का, ही चिंता चर्चनेही केली होती. व्हॅटिकनच्या बायबल आयोगाने १९१२ मध्ये दोन-स्रोत सिद्धांत (मत्तय आणि लूक यांनी मार्क आणि क्यू हे दोन स्रोत वापरले, हे मत) कॅथलिक अभ्यासकांना मोकळेपणाने स्वीकारता येणार नाही असा निर्णय दिला होता. १९४३ मध्ये पोप बारावे पायस यांच्या परिपत्रकाने मूळ भाषा आणि लेखनप्रकार यांच्या चिकित्सक अभ्यासाला उत्तेजन दिलं, आणि वातावरण बदललं. रेमंड ब्राउन हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू. १९९७ साली आलेल्या त्यांच्या नव्या कराराच्या परिचयग्रंथात क्यूवर स्वतंत्र चर्चा आहे आणि ते तो सिद्धांत स्वीकारतात. ग्रंथ जाडजूड आहे. पहिल्या तीन शुभवर्तमानांच्या परस्परसंबंधांवरचं प्रकरण तेवढं वाचा.

पण त्याच्याही आधी लूकची पहिली चार वचनं पुन्हा वाचा. आपल्याआधी पुष्कळांनी हे वृत्तान्त लिहायला घेतले, ते आरंभापासून पाहणाऱ्यांनी सोपवले आणि आपण सर्व नीट शोधून क्रमाने लिहितोय, असं लूक स्वतः सांगतो. आपल्या आधीचं लेखन होतं हे त्याने लपवलेलं नाही. तुमच्या आईने ही वचनं किती वेळा वाचली असतील!

नदीकाठ

एक सावधगिरीची सूचना. शोधताना 'थोमाचं शुभवर्तमान' समोर येईल आणि तेच क्यू आहे असं लिहिलेलं दिसेल. ते चूक आहे. थोमा हा प्रत्यक्ष सापडलेला ग्रंथ आहे. १९४५ मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ त्याची कॉप्टिक (इजिप्तमधल्या जुन्या ख्रिस्ती लोकांच्या भाषेतली) प्रत मिळाली. ऑक्सिरिंकसच्या उत्खननात १८९७ पासून मिळालेले काही ग्रीक तुकडे त्याचेच आहेत हे त्यानंतर लक्षात आलं. ११४ बोल, कथा जवळपास नाहीच. क्यूच्या चर्चेत त्याचं महत्त्व एवढंच की नुसत्या बोलांचा संग्रह असा ग्रंथप्रकार तेव्हा होता हे त्याने दाखवलं.

पापियासचंही तसंच. हिएरापोलिसच्या या बिशपने दुसऱ्या शतकात लिहिलेले पाच खंड नष्ट झाले, चर्चचा जुना इतिहासकार युसेबियस याने उद्धृत केलेली थोडी वाक्यं उरली. मत्तयने 'लोगिया' हिब्रू बोलीत रचले, असं त्यातलं एक वाक्य आहे. जर्मन अभ्यासक श्लायरमाखर यांनी १८३२ मध्ये त्याचा अर्थ बोलांचा संग्रह असा लावला, वाइसे यांनी १८३८ मध्ये मार्क अधिक बोलसंग्रह असा दोन-स्रोत सिद्धांत मांडला आणि होल्ट्झमान यांच्या १८६३ च्या ग्रंथाने तो रुजला. पण पापियास नेमकं कशाबद्दल बोलतोय यावर वाद आहे, तेव्हा त्याच्या एका वाक्यावर फार भार टाकू नका.

योहानाच्या शुभवर्तमानामागेही 'चिन्हांचा ग्रंथ' होता असं बुल्टमान यांनी १९४१ मध्ये मांडलं. तो वेगळा धागा होईल.

पोथीवेडा

ताई, मराठीचं राहिलं. रकाने मराठीतून खुशाल करा, फक्त तिन्ही उतारे एकाच भाषांतरातून घ्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल ओघवतं आहे. पंडिता रमाबाईंनी तर केडगावला हिब्रू आणि ग्रीक मूळ समोर ठेवून एकटीने सबंध बायबल मराठीत आणलं. त्या १९२२ मध्ये गेल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कुठे प्रत मिळाली तर जरूर पाहा.

जुन्या भाषांतरांत मात्र एक अडचण येते. पोथ्या नकलून काढणाऱ्यांना मत्तयमधली 'आमच्या बापा' ही प्रार्थना तोंडपाठ होती. लूकची छोटी प्रार्थना उतरवताना त्यांनी नकळत मत्तयचे शब्द भरले, ते नंतरच्या छापील ग्रीक पाठात आले आणि तिथून भाषांतरांत. म्हणून लूक ११:२ रंगवण्याआधी तळटीप आणि कंस तपासा.

निर्मळची_लेक

सगळ्यांचे खूप आभार. दोन रात्री पेन्सिली घेऊन बसले. पक्षाघाती माणसाचं वाक्य खरंच त्याच जागी तुटतं. मुलाला उठवून दाखवलं. लूक १९ मध्ये मला एक गोष्ट स्वतःची स्वतःला दिसली : धनी दहा दासांना पैसे देतो, पण हिशेब देताना पहिला येतो, दुसरा येतो आणि मग थेट 'तो दुसरा एक'. मत्तयमध्ये पहिल्यापासून तीनच दास आहेत. अक्षरशोधदादा, हाच का तो थकवा?

अक्षरशोध

हाच! गुडएकर हेच उदाहरण देतात. पोथीवेडा म्हणतील की क्यूमध्येही तीनच दास असतील आणि थकवा त्यावरून आला असेल. त्याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही.

निर्मळची_लेक

मग दोन्ही शक्यता वहीत लिहून ठेवते. गुडएकरांचं पुस्तक मागवलंय.

आज आईची जुनी प्रत काढली. लूक ११:२ मध्ये 'आमच्या स्वर्गातील' या शब्दांना चौकटी कंस आहेत, आणि 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' यालाही. आईने त्या कंसांखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढून ठेवलीये, समासात एक प्रश्नचिन्ह आहे आणि त्याखाली 'मत्तय ६ पाहा' असं लिहिलंय.