(कोविडच्या लॉकडाउनमधला धागा) मदत हवी आहे: डोळ्यांच्या दवाखान्यात फोनवर ‘आजच या’ कुणाला सांगायचं?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला आहे. लॉकडाउन कडक झाल्यापासून ओपीडी फक्त तातडीच्या पेशंटसाठी चालू आहे. चष्म्याचे नंबर, मोतीबिंदूची ऑपरेशनं सगळं पुढं ढकललंय. डॉक्टर एकटेच आहेत, वय साठीच्या पुढं. स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून बघायच्या यंत्रावर) तपासताना पेशंटचा चेहरा त्यांच्यापासून जेमतेम वीतभर लांब असतो. त्यामुळं गरज नसताना कुणाला बोलवायचं नाही असं ठरलंय. पण ज्याला यायलाच हवं त्याला घरी बसवलं तर त्याचा डोळा जाईल, आणि ही पहिली चाळणी आता माझ्याकडं आहे. फोन मी घेते, चार प्रश्न विचारते आणि डॉक्टरांना सांगते.

फोनवर निम्मे लोक एकच सांगतात, “डोळा लाल झालाय, पाणी येतंय.” जो कळवळून बोलतो त्याच्याकडं आपोआप जास्त लक्ष जातं. परवा हातकणंगल्याकडच्या एका काकांनी अगदी शांतपणे विचारलं, “एका डोळ्याला कडेनं काळं आल्यागत वाटतंय. दुखत काय नाही. लॉकडाउन उठल्यावर आलो तर चालंल काय?” डॉक्टरांनी त्यांना तासाभरात बोलावून घेतलं. डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) सुटायला लागला होता. तेव्हापासून प्रत्येक फोनला धास्ती वाटते. चंदगडचा माणूस शंभरेक किलोमीटर येणार, वाटेत नाकाबंदी, त्यामुळं उगाच ‘या’ म्हणणंही बरोबर नाही. प्रश्न कोणत्या क्रमानं विचारू? फोनवरून नजर कशी तपासायची? या कामातलं कुणी असेल तर कृपया सांगा.

पंचगंगाकाठ: ताई, मी ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी आहे. दुखण्याचा प्रश्न दुसरा ठेवा, पहिला नजरेचा. “दिसायला आधीपेक्षा कमी झालंय का, आणि कधीपासून?” दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याला झाकून घेतो, म्हणून नेहमीचा चष्मा लावून, न दाबता, एकेक डोळा तळहातानं झाकायला सांगा. समोर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा वाचायला लावा. काल वाचता येत होत्या आणि आज येत नाहीत, तर दुखो न दुखो, पेशंट आजच आला पाहिजे. एका डोळ्याची नजर एकदम गेली असेल तर रक्तवाहिनी बंद झालेली असू शकते, तिथं एकेक तास मोलाचा. नव्यानं ठिणग्या, काळे ठिपके, कडेनं पडदा ओढल्यागत काळं दिसणं, हेही आजच.

मग दुखणं. डोळा ठणकतोय, डोकं धरलंय, उलटी झालीय, असं असेल तर दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं का ते विचारा. काचबिंदूचा हा झटका लोक पित्त किंवा अर्धशिशी समजून गोळी घेऊन झोपतात.

चुना, ॲसिड, फिनाइल, सॅनिटायझर डोळ्यात गेलं म्हणाले की बाकीचे प्रश्न थांबवा. “नळाखाली डोळा उघडा धरून अर्धा तास धुवा, मग निघा.” पायानं दाबायच्या सॅनिटायझर स्टँडचा फवारा लहान मुलांच्या बरोबर डोळ्यांच्या उंचीला येतो, तो फोन तुम्हाला येणारच. याउलट तार, खिळा, काच घुसली असेल तर धुवायचं नाही, चोळायचं नाही, काही काढायचं नाही, वरून दाब न देता कपानं झाकायचं आणि ऑपरेशन लागू शकतं म्हणून उपाशीपोटी यायचं.

आणि सध्या कोविड होऊन गेलाय का, शुगर आहे का, स्टिरॉइड दिलं होतं का, हे प्रत्येकाला विचारा. डोळ्याभोवती सूज, पापणी पडणं, एकाचे दोन दिसणं, गालाला बधिरपणा, नाकातून काळपट स्राव यातलं काहीही असेल तर म्युकरची (काळ्या बुरशीच्या आजाराची) शंका धरून लगेच डॉक्टरांकडं फोन द्या.

निवृत्त_सिस्टर: वरच्यांनी सगळं नेमकं सांगितलंय. माझी भर आपल्या भागापुरती. “शेतात काय लागलं का?” हे विसरू नका. उसाचा पाला डोळ्याला घासला की बुबुळावर बुरशीची जखम होऊ शकते, आणि ती सावकाश वाढते. माणूस मेडिकलमधून थेंब आणतो. त्यात स्टिरॉइड असलं की लाली उतरते, बरं वाटतं आणि आत बुरशी फोफावते. म्हणून बाटलीचा फोटो मागवा, नाहीतर घरातल्या शाळकरी पोराला नाव वाचायला लावा. दूध, मध, एरंडेल घातलंय का तेही विचारा, पण रागवू नका. रागावलं की पुढच्या खेपेला खरं सांगत नाहीत.

मूळ धागाकर्ती: दोघांचे मनापासून आभार. चुन्याचं मला माहीतच नव्हतं. अजून एक अडचण: मुलगा पुण्यातून फोन करतो, आई आजऱ्याला एकटी. त्याला विचारून काही कळत नाही. आणि ज्यांना घरीच थांबा म्हणते त्यांचं पुढं काय?

पंचगंगाकाठ: मुलाचं ऐकून निर्णय नको. कॉन्फरन्स कॉलवर आईला घ्या, किंवा शेजारचं कुणी, आशाताई, तिच्याजवळ बसू देत. फोटो पाहिजे असेल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, दोन्ही डोळे एकत्र येतील असा. पण फोटो चांगला दिसला म्हणून नजरेचा प्रश्न सोडू नका, पडदा सुटलेला डोळा बाहेरून अगदी स्वच्छ दिसतो.

दोन्ही डोळ्यांना खाज, चिपडं, नजर ठीक, इतकंच असेल तर डॉक्टर फोनवर सल्ला देऊ शकतात. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या सूचनांमध्ये त्याला परवानगी आहे. औषधाचं नाव मात्र त्यांनीच सांगायचं. कॉन्टॅक्ट लेन्सवाले आणि नुकतंच ऑपरेशन झालेले यांना या गटात धरू नका, त्यांचा लाल दुखरा डोळा आजच्या आज बघायचा. बाकीच्यांची नावं वहीत लिहून दुसऱ्या दिवशी तुम्हीच फोन लावा. त्यांच्या फोनची वाट बघू नका.

मूळ धागाकर्ती: वहीला उद्यापासून तो रकाना पाडते. प्रश्नांचा क्रम डॉक्टरांना दाखवून फोनशेजारी चिकटवते. बोलावलेल्यांना नाक्यावर दाखवायला दवाखान्याचा मेसेजही पाठवायला सुरुवात करतेय. हातकणंगल्याच्या काकांना डॉक्टरांनी पुढं ऑपरेशनला पाठवलंय.