शाळेत अभ्यासाशिवाय काय काय केलंत? अनुभव लिहा

मुलगी नववीत गेलीय. शाळेने कागद पाठवलाय, आरएसपी, गाइड, सायन्स क्लब, नाट्य, लेझीम यातलं एक निवडून सही करून द्या म्हणून, आणि त्याच आठवड्यात क्लासवाल्यांचा फोन की आता बाकीचं सगळं कमी करा. घरात दोन पार्ट्या पडल्यात. मुंबईतल्या शाळांत शिकलेल्यांनी सांगा, तुम्ही कशात होतात, नक्की काय करायला लागायचं, वेळ आणि पैसा किती जायचा. चांगलं-वाईट दोन्ही चालेल, शाळेचं नाव तेवढं टाकू नका.

लालबाग, ९४ची दहावी
आरएसपी म्हणजे रोड सेफ्टी पेट्रोल. आम्हाला शनिवारी ट्रॅफिकचे हवालदार यायचे शिकवायला. समोरची गाडी थांबवायची तर उजवा हात वर, पंजा समोर. मागून येणारी थांबवायची तर डावा हात आडवा, आणि मागे वळून बघायचं नाही, गाडी थांबली असं धरून उभं राहायचं, हे शेवटचं सगळ्यात कठीण. शाळा सुटताना गेटवर ड्युटी असायची, शिट्टी मारली की बेस्टची बस थांबते हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा जो काय माज चढला तो आठवडाभर उतरला नाही. गणपतीत आमच्या भागात गर्दी काय असते सांगायला नको, तिथेपण दोर धरून उभे केलं होतं. वेळ फार जात नाही, शनिवारचा एक तास आणि गेट ड्युटी. मुलीला उन्हात उभं राहायची तयारी असेल तर डोळे झाकून घ्या.

गोरेगाव, २००३
मी गाइड, म्हणजे मुलींचं स्काउट. लोकांना वाटतं गाठी बांधणे आणि टाळ्या वाजवणे. टाळ्या असतात, भरपूर असतात, प्रकार पण असतात, ते सोडून द्या. पण रीफ नॉट, क्लोव्ह हिच, बोलाइन या तीन गाठी मला आजही येतात आणि घर शिफ्ट करताना टेम्पोवर गादी बांधायला नवऱ्याला नाही, मला बोलावतात. गळ्यातला स्कार्फ सोडून हाताची झोळी कशी करायची ते शिकवलं होतं, तो तिकोनी स्कार्फ त्यासाठीच असतो हे माहीतच नसतं कोणाला. नंतर खरी कमाई, म्हणजे स्वतः काम करून पैसे कमवायचे. आम्ही भेळेचा स्टॉल लावला, कांदा मीच चिरला, हिशेबाची वही पण माझ्याकडे, आणि शेवटी नफा निघाला तो मुरमुरे एका मैत्रिणीच्या बाबांच्या दुकानातून फुकट आले होते म्हणून 😄 बाईंनी ते मुरमुरे बाजारभावाने खर्चात लिहायला लावले. नफा बराच आटला. हे मला पुढे कॉमर्सला कोणी इतक्या सरळ शिकवलं नाही.
वाईट सांगायचं तर प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान या गाइडच्या पायऱ्या करत राज्य पुरस्काराच्या तयारीला लागलो आणि बाई रिटायर झाल्या. शाळेने दुसरं कोणी नेमलंच नाही. शिट्ट्या, झेंडा, दोऱ्या सगळं कपाटात. त्यामुळे माझा सल्ला, कागदावर काय लिहिलंय ते बघू नका, ते घेणाऱ्या बाई किंवा सर कोण आणि ते शाळा सुटल्यावर थांबतात का ते बघा.

दादर, ९६
वरच्या गाइडताईंना शंभर टक्के अनुमोदन. आमच्याकडे क्रिकेट. ८८ साली आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन-कांबळीने हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत ६६४ची भागीदारी केली आणि त्यानंतर प्रत्येक बापाला आपल्या घरात एक तरी तेंडुलकर आहे असं वाटायला लागलं, माझ्या बापाला पण. गाईल्स शील्ड चौदा वर्षांखाली, हॅरिस सोळाखाली. टीममध्ये तीच पोरं जी कोणाच्या तरी कोचिंगला जायची, बाकीच्यांनी नेटमध्ये बॉल आणून द्यायचे. ते बरोबर होतं असं मला आजही वाटत नाही. मी शेवटी स्कोअरर झालो आणि खरं सांगतो, मजा तिथेच आली. मेडन, म्हणजे एकही रन नसलेली ओव्हर गेली की सहा टिंबं जोडून एम काढायचा, विकेट मेडन असेल तर डब्ल्यू. समोरच्या टीमचा स्कोअरर शेजारीच बसलेला, दर ओव्हरला दोघांचा टोटल जुळला पाहिजे, नाही जुळला की लेगबाय का रन यावरून कुजबुजत भांडण. आणि आझाद मैदानावर बॉल कुठल्या मॅचचा हेच आधी ठरवायला लागतं, एकाच्या मिडऑनच्या मागे दुसऱ्याची स्लिप उभी. बॅट, पॅड परवडत नसतील तर पेन्सिल घेऊन जा, मैदान तेच मिळतं.

वरळी, मनपा शाळा, ८९
परवडण्यावरून आठवलं. आमच्याकडे लेझीम होतं कारण लेझमी शाळेच्या होत्या. स्काउटचा गणवेश घ्यायचा म्हणजे प्रश्न होता, गिरणी संपानंतरची वर्षं ती, वडील घरी. लेझमीला काही लागत नाही, शाळेचाच शर्ट. पहिले आठ दिवस अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतात, मग घट्टा पडतो. शंभर पोरं एकदम खाली वाकून छन्न करतात ना आणि एकाचीच मागून येते, ती एकच सगळ्या मैदानाला ऐकू जाते. सरांना बघायला पण लागायचं नाही, पाठमोरे असून नाव घ्यायचे. कागदावर लेझीम लिहिलंय ते शेवटी लिहिलं असेल, हलकं समजू नका.

पार्ले, सध्या मुलगा दहावीत
सायन्स क्लबबद्दल. बऱ्याच शाळांत त्याचा अर्थ होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेची तयारी असा झालाय. ती सहावीला आणि नववीला असते. आधी लेखी, मग प्रात्यक्षिक, त्यापुढे गेलात तर प्रोजेक्ट आणि इंटरव्ह्यू. मुलाने नववीत दिली. प्रात्यक्षिकासाठी त्याने घरात जे काय मोजलं त्याला तोड नाही, लिंबू, भिंग, स्प्रिंग, माझा किचनचा काटा गायब. ते छान होतं. पण यासाठी पण आता वेगळे क्लास निघालेत आणि फी ऐकून मी खाली बसले. क्लास न लावता जमतं का, तर लेखीपर्यंत जमतं, पुढे घरात कोणीतरी वेळ देणारं लागतं. सायन्स क्लबमध्ये खरोखर हाताने काही करतात का नुसते पेपर सोडवतात हे विचारून घ्या. नेहरू सायन्स सेंटरची सहल म्हणजे सायन्स क्लब नव्हे.

गिरगाव
कोणी ड्रॉइंगचं लिहिलं नाही म्हणून. कागदावर नसलं तरी शाळेत विचारा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ड्रॉइंगच्या परीक्षा. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर दहावीत सात मार्क वाढतात, बीला पाच, सीला तीन. घरातल्या क्लासवाल्या पार्टीला हे सांगा, गप्प बसतील. वस्तुचित्राला पितळी तांब्या आला की त्याच्यावरचा उजेड पांढरा रंग लावून काढायचा नाही, कागद कोरा सोडायचा. आमच्या सरांनी हे ओरडून ओरडून सांगितलं तरी निम्मा वर्ग पांढरा पिळून मोकळा.

धागाकर्ती
सगळ्यांना थँक्यू, घरात मोठ्याने वाचून दाखवतेय. नाट्यवाले कुठे गेले? आणि शाळेबाहेरचं कोणी केलंय का?

माहीम, २०११
नाट्यात होते, आंतरशालेय स्पर्धेला झाड होते. संवाद नाहीत, चाळीस मिनिटं हात वर. पुढच्या वर्षी प्रॉम्प्टर. एवढंच 🙏

शिवाजी पार्क
शाळेबाहेरचं म्हणाल तर समर्थ व्यायाम मंदिर, मल्लखांब. मुलींना दोरीचा मल्लखांब पण असतो. लाकडी खांबाला एरंडेल लावतात, त्याचा वास कपड्यांतून जात नाही, तेव्हा जुने टीशर्ट द्या. २०१९ला मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा इथेच पार्कात झाली, परदेशातली मुलं बघायला आमची सगळी बॅच गेली होती. नववीत सुरू केलं तर उशीर झाला असं कोणी म्हणेल, ऐकू नका. फक्त जेवून लगेच पाठवू नका, निदान दोन तास जाऊ द्यात, आणि नखं कापून.