मदत हवी आहे: बाबांना श्वास रोखता येत नाही, रेडिएशनचं काय?

बाबांच्या (वय ७१) उजव्या फुप्फुसात, अगदी खालच्या भागात कॅन्सरची गाठ आहे. रेडिएशन ठरलंय, ६० ग्रे (किरणांच्या डोसचं माप), ३० सिटिंग. परवा प्लॅनिंगचा फोर-डी सीटी (श्वासाबरोबर गाठ कशी हलते ते दाखवणारा स्कॅन) झाला. पोटावर एक छोटी डबी ठेवली होती. ती श्वासाबरोबर वरखाली व्हायची आणि स्क्रीनवर लाट उमटायची. गाठ श्वासागणिक १४ मिमी सरकते असं निघालं.

मग श्वास भरून २० सेकंद रोखायला सांगितलं. बाबांना जुना खोकला, आठव्या-नवव्या सेकंदालाच ढास लागायची. तीनदा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "राहू दे, साध्या श्वासावरच करू." तेव्हापासून बाबा घड्याळ समोर ठेवून सराव करताहेत. आई वैतागलीय.

साध्या श्वासावर म्हणजे गाठ फिरते तो सगळा पट्टाच भाजणार ना? चांगलं फुप्फुस किती जाईल? सोमवारी भेट आहे, नेमकं काय विचारू?

प्रतिसाद

मी रेडिएशन विभागातच काम करते. तुमची शंका अर्धी बरोबर आहे. गाठीच्या सगळ्या जागा मिळून एक घेर आखतात, त्यात थोडं चांगलं फुप्फुस येतंच. पण फोर-डी नसतं तर अंदाजाने चहूबाजूंनी जादा जागा धरावी लागली असती. खालच्या गाठी छाती-पोटामधल्या पडद्याबरोबर मुख्यतः वरखाली हलतात, म्हणून घेर त्याच दिशेने वाढवला की भागतं.

गेटिंग होईल का, हे विचारा. श्वास सोडल्यावर गाठ जरा थांबते, तेवढ्यापुरतीच मशीन किरण सोडते. रोखायचं काही नाही, टेबलावर वेळ तेवढा जास्त जातो. गाठ कमी हलावी म्हणून पोटावर दाबपट्टा हाही एक उपाय आहे, सगळ्यांना सोसत नाही. आणि व्ही-२० किती आलाय ते विचारा: फुप्फुसाच्या किती टक्के भागाला २० ग्रे किंवा जास्त डोस जातोय. साधारण ३०-३५ च्या आत ठेवतात.

सराव मात्र आजच बंद करा! स्कॅनला जसा श्वास होता तसाच रोज हवा. आता मोठे श्वास घ्यायची सवय लागली तर गाठ आखलेल्या घेराबाहेर जाईल.

उपचारानंतर महिना ते सहा महिन्यांत कोरडा खोकला वाढला, धाप लागली, ताप आला, तर "जुनाच खोकला" म्हणून सोडू नका, लगेच कळवा.

धागाकर्ता

धन्यवाद ताई. गेटिंग, पट्टा, व्ही-२०, तिन्ही लिहून घेतलं. घड्याळ आईने कपाटात ठेवलंय.